एचडीतली हाक

५ फेब्रुवारी २०२५, बुधवार

डिस्क आली! पुण्याहून, कुरियरनं. समाधानच्या नावावर मागवली, कारण माझा पत्ता कुठला देणार? दिवाळीला तेलगावात जिनिंगवर होतो, मग महिनाभर ट्रकवर क्लीनर, आता अंबाजोगाईत. समाधान इथं मेडिकल कॉलेजात लॅबमध्ये नोकरीला आहे. आयटीआयला आम्ही एका बाकावर होतो. तो शिकला, मी निघून गेलो. "ऱ्हा बे, तुला कोन हाकलतंय," म्हणतो. पण तो ड्यूटीला गेला की ही एवढीशी खोली लई मोठी होते.

डिस्कचं असं. मी दहा वर्षांचा असताना पुण्याची माणसं आमच्या कळपात आलती, चौसाळ्याच्या शिवारात. लहान पोरांसाठी कार्टून पिक्चर काढत होती — 'मेंढरू निघालं समुद्राला'. त्यासाठी दोन दिवस आवाज घेतले. मेंढरांचे, कुत्र्याचे, आणि माझ्या वडलांची, आबांची हाक. आता तो पिक्चर एचडीत निघतोय, घरी बघायच्या डिस्कवर. बाजारात जायच्या आधी नमुना मला पाठवला. आवाजाचं काम बघणारे रविराज सर फोनवर म्हणाले, "नाथा, चित्र कसं, आवाज कसा, काय खटकतं ते सोमवारपर्यंत लिहून कळव. कळपात वाढलेला माणूस आमच्याकडे दुसरा नाही."

आणि ठेवता ठेवता म्हणाले, "मागच्या वेळी राहून गेलं होतं. आता शेवटी नाव येईल. हाक : म्हाळू सोन्नर."

आबा जाऊन चार वर्षं झाली. त्यांचे चार फोटो आहेत. आवाज फक्त या पिक्चरमध्ये.

६ फेब्रुवारी

लावली नाही. बसस्टँडवर एक जण दुकानाची पाटी रंगवत होता. 'क' ला वळण देताना जीभ बाहेर काढायचा. दोन तास तेच बघत उभा होतो. घरी आलो तर समाधान म्हणाला, "परीक्षक साहेब, पिक्चर बघायला पाठवलाय, पाट्या न्हाई!"

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बघितला! समाधान ड्यूटीला, खिडकीला चादर लावली, दुपारी एकटाच. त्याच्याकडं मोठा टीव्ही आहे आणि चारी कोपऱ्यांत डबडी लावलीत आवाजाची.

लिहितो, नाहीतर विसरेन.

चित्र — काय सांगू! माझ्याकडं हा पिक्चर मोबाईलच्या कार्डात आहे, चौसाळ्याच्या मोबाईलवाल्यानं भरून दिलेला. कुणी कुठून उचलला देव जाणे. त्यात ते मेंढरू म्हणजे पांढरा डाग. इथं लोकरीचा केस न् केस दिसतो. म्हाताऱ्या एडक्याच्या कानावर माशी बसते — माशी! दहा वर्षं बघतोय, मला ठाऊकच नव्हतं तिथं माशी आहे. आणि आभाळ निळं आहे. माझ्या कार्डात ते मातकट होतं. मला वाटायचं, गोष्टच दुष्काळातली आहे.

खटकलं — शेपट्या. समाधान आल्यावर त्याला दाखवलं.

"ह्या शेळीच्या शेपट्या हायत. आमच्या मेंढीची इवलीशी असती, खाली."

"पोरं शेपट्या बघत्यात व्हय रे?"

"मी बघितल्या ना."

"तू वायला हायस," म्हणाला आणि आंघोळीला गेला.

त्या मेंढराच्या आईनं त्याला ओळखायचा जो प्रसंग आहे, तिथं वास घ्यायचा सोडून ती डोळ्यांत बघते. मेंढी डोळ्यांत बघत नसते. पण ते लिहीत नाही. ते बघून मला रडू आलं. चित्राला दहापैकी नऊ.

हाक एक्केचाळिसाव्या मिनिटाला आहे. चाळिसाव्याला मी बंद केला.

८ फेब्रुवारी, शनिवार

ऐकली. सात वेळा ऐकली.

ती हाक नाही ही!

आबांचे पुढचे दोन दात एडक्याच्या धडकेत पडलेले. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. हुर्रेऽऽ म्हणून हाक लांबवली की शेवटाला वारा निसटायचा — फस्स. त्या फस्सनं मेंढरं माना वर करायची. दुसऱ्या कुणाच्या हाकेला करायची नाहीत. मी मोबाईल कानाला लावतो ना, तर मला हाकेपेक्षा ते फस्स ऐकायचं असतं.

इथं हाक घंटेसारखी आहे. गोल, भरीव. फस्स नाही. मागं वारं आहे, घुंगरं आहेत, लांबवर कुणाची तरी मोटारसायकल पण ऐकू येते. आबा तेवढे धुऊन टाकले!

रविराज सरांना लगेच लिहिलं. रागात लिहिलं. "चित्र चांगलं केलं, आवाज मारला. माणसाच्या तोंडातला वारा म्हणजे कचरा वाटला का तुम्हाला? आवाजाला शून्य."

पाठवल्यावर खाली जाऊन चहा प्यालो. चहावाल्याच्या रेडिओचं झाकण तुटलंय, रबरानं बांधलंय. त्यानं विचारलं, "काय झालं रे पाव्हन्या?" काही नाही म्हणालो. काय सांगणार? एक आवाज हरवला म्हणून?

९ फेब्रुवारी

रविराज सरांचा फोन. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"नाथा, आम्ही त्या हाकेला हात लावलेला नाही. तुला त्या दिवशीचं मूळ रेकॉर्डिंग पाठवतो. बारा-तेरा वर्षं जसंच्या तसं ठेवलंय. तूच ऐक."

"पण माझ्या कॉपीत आहे ना ते फस्स!"

"तुझी कॉपी कुठली? मोबाईलवरची? अरे, ती कितव्या हाताची असेल! त्यात सगळीकडे खरखर असणार. दुसरीकडे ऐकून बघ."

ऐकलं. कार्डातला पिक्चर पहिल्यापासून लावला. फस्स सगळीकडं आहे. पावसात आहे. समुद्रात आहे. मेंढराची आई बोलते, तिच्यातही आहे. मी कधी दुसरीकडं ऐकलंच नव्हतं. एक्केचाळिसावं मिनिट आलं की कान लावायचा, गेलं की काढायचा.

मग मूळ रेकॉर्डिंग. हाक तीच. घंटेसारखी.

म्हणजे तेव्हा आबांना दात होते का? नव्हते. ते मला पक्कं ठाऊक आहे. भाकर डाव्या बाजूनं तोडायचे.

समाधान म्हणाला, "उद्या घरी जा. मायला ऐकव." चार वर्षांत दोनदा गेलतो घरी, ते पण काका बाजारला गेल्याचं बघून. परमेश्वर काका — आबांचे धाकटे भाऊ. आबांचा तेरावा झाला आणि पंधरा दिवसांत त्यांनी सगळा कळप विकला. मला विचारलं नाही. सकाळी उठलो तर मेंढरं कोंडायची वाघरं रिकामी, नुसत्या लेंड्या. त्या दिवशी निघालो तो अजून कुठं टेकलो नाही. त्यांच्याशी शब्द नाही.

तरी जातो.

१० फेब्रुवारी, सोमवार

केजला गाडी बदलून चौसाळ्याला दुपारी पोचलो. माय अंगणात तूर पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं नाही, पण हात हळू झाला.

"वाळलास."

"न्हाई. माय, एक ऐक."

मूळ रेकॉर्डिंग लावलं. वारं, घुंगरं, मग हाक. माय पाखडत राहिली. परत लावलं.

"आबाच ना?"

सूप थांबलं. "न्हाई."

"मंग कोन?"

"तुजे काका. परमेश्वर भावजी." असं म्हणाली जसं आज भाजीला काय ते सांगावं. "तुज्या आबांचा घसा बसलता त्या आठवड्यात. शब्द फुटत न्हवता. पाव्हनी एवढ्या लांबून आलेली, रिकामी कशी धाडायची? मंग आबांनीच भावजींला फुडं केलं."

"आन त्यांनी नाव आबांचं कसं लिवलं?"

"कळप कुनाचा? थोरल्याचा. मंग हाक कुनी का मारंना, ती थोरल्याचीच म्हनायची. आपल्यात तसंच हाय. भावजींनीच सांगितलं, म्हाळू लिवा म्हनून."

"मी तितंच होतो की!"

"तू कुटं होतास! त्यांच्या जीपमदी बसून हारन वाजवीत होतास दोन दिस."

खरं आहे. जीप हिरवी होती. मला जीपचं सगळं आठवतं. हाकेचं काहीच नाही.

"मला सांगितलं कावून न्हाई?"

तिनं तुरीतला खडा काढून लांब फेकला. बराच वेळ दुसरा शोधत राहिली.

"कवा सांगू? आबा गेले तवा तू मोबाईल कानाला लावून झोपायचास. चार दिसांनी सांगावं म्हनलं. तर तू निगून गेलास."

मग म्हणाली, "भावजींला ठाव हाय तू काय ऐकतोस ते. म्हनले, ऐकू द्या त्याला. आबाच समजू द्या."

काका रानात होते. यायची वेळ झालती. मी पाचच्या गाडीनं परत फिरलो. माय रस्त्यापर्यंत आली. गाडी हलल्यावर काहीतरी म्हणाली, ऐकू आलं नाही.

केजच्या स्टँडवर अंबाजोगाईची गाडी लागली होती. बसलो नाही. ती गेली. दुसरी पण जाऊ दिली. आबांचा आवाज आठवून बघत होतो. फस्स आठवतं. त्याच्या आधीचं येत नाही. जे येतं ते घंटेसारखं येतं.

रविराज सरांचा मेसेज आला — आज सोमवार आहे, नाव पक्कं करू ना? हो म्हटलं की आबा पिक्चरमध्ये राहतात. कुणाला कळणार आहे? माय सांगणार नाही. ज्याचा आवाज आहे तोही नाही.

११ फेब्रुवारी

सरांना कळवलं. चित्र नऊ. आवाज दहा. शेपट्या बघा. नाव बदला — हाक : परमेश्वर सोन्नर.

मग काकांना फोन लावला. हा नंबर त्यांच्याकडं नाही.

"कोन हाय?"

मी मोबाईल कानाला घट्ट धरला.

"आरं, कोन हाय? बोल की."

डोळे मिटून ऐकत राहिलो. तिकडं वारं होतं. मग हळूच म्हणाले, "नाथा हायस का?"

मी बोललो नाही. त्यांनीपण फोन ठेवला नाही.