तळमजल्याचं गणित

३ जून १९६३, सोमवार. डिमोना, इस्रायल.
नवी बिल्डिंग तयार. आठ कुटुंबं, आठ ब्लॉक, तळमजल्यावर फक्त दोन. रविवारी चिठ्ठ्या. बायकोचे, शुलामितचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही. तळमजला हवाच. चिठ्ठी उचलायच्या यादीत माझं नाव पहिलं. ती खूश. मी नाही. परळच्या नाइट स्कूलमध्ये गणितात पासष्ट मार्क उगाच नाही मिळाले.

५ जून.
निघालेली चिठ्ठी डब्यात परत जात नाही. पहिल्याला आठात दोन, म्हणजे चार आणे चान्स. पण आधीच्या सहा जणांनी वरचे मजले उचलले, की उरले दोन, दोन्ही तळमजले. सोळा आणे! थांबेल तो जिंकेल. शुलामितनं विचारलं, आणि तेच दोन आधी निघाले तर? बायकांना थिअरी कळत नाही.

६ जून.
ती आमच्या प्रेषिताला, एलियाहू हन्नबीला, गोड पोहे-खोबऱ्याच्या मलिद्याचा नवस बोलणार होती. मुंबईहून आलेलं सुकं खोबरं त्यासाठीच जपलेलं. म्हटलं, गरज नाही, गणित आहे. स्वयंपाकघरात निघून गेली. पटलं असावं.

७ जून.
कारखान्यातल्या मेनाशेला माझा पहिला नंबर दिला, त्याचा आठवा घेतला. थिअरीही समजावली. नक्की ना, म्हणून दोनदा विचारलं त्यानं. बिचारा भोळा.
जेवणात खोबऱ्याची चटणी. फर्मास! तीनदा मागून घेतली.

९ जून, दुपार.
मेनाशे: तळमजला. हरकत नाही, एक बाकी आहे.
पुढचे दोघे वर गेले. पाचात एक. चान्स वाढतोय! शुलामितला डोळा मारला.
चौथी अहुवा: तळमजला.
उरलेल्या चारांत माझा चान्स शून्य. हे उत्तर मात्र अचूक आलं. शेवटची चिठ्ठी क्लार्कनंच हातात ठेवली. तिसरा मजला.

१० जून.
मेनाशेला अदलाबदलीचं विचारलं. म्हणाला, पहिल्याला चान्स कमी, असं तुम्हीच शिकवलंत. तरी लागला, म्हणजे देवानंच दिला. थिअरी माझीच!

२३ जून.
राहायला आलो. अठ्ठेचाळीस पायऱ्या. शुलामित प्रत्येक मजल्यावर बसते, गुडघे चोळते. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२७ जून.
ठरवलं. नवस मीच बोलणार, तिच्या गुडघ्यांसाठी. मलिदा जोरात करायचा. खोबरं कुठे ठेवलंस, म्हणून विचारलं.
म्हणाली, गरज नाही म्हणालात ना? चटणीत गेलं. तीनदा घेतलीत.