तिसऱ्या पाळीचं पुस्तक

बाई, सोमवारी सकाळी अकरा वाजता रद्दीवाल्याचा टेम्पो शाळेत येणार आहे. मुख्याध्यापिका मॅडमनी आज प्रार्थनेनंतर मला स्वतः तसं सांगितलं, आणि ऑफिसातल्या क्लार्कने माझ्यासमोरच फोन लावून वेळ पक्की केली. तुमचं वाचनालय, जिन्याशेजारची ती लांबट खोली, मंगळवारपासून रोबोटिक्सची प्रयोगशाळा होणार. चाकणकडच्या एका कंपनीने दिलेली यंत्रं खोक्यांत बंद होऊन व्हरांड्यात येऊन पडली आहेत. दोन कपाटांत मावतील तेवढी पुस्तकं ठेवायची, ती कपाटं शिक्षकांच्या खोलीत जातील. उरलेली निर्लेखित करायची, म्हणजे दप्तरातून कायमची कमी करायची. त्याची यादी माझ्या सहीने सोमवारी द्यायची आहे. जूनपासून मला ऑफिसात बसून पोर्टलवर मुलांची माहिती भरायची आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावंसं वाटलं नाही, आणि आज लिहायला बसले तर हे लिहितेय.

मॅडम वाईट नाहीत, हे आधीच सांगते. मंगळवारी त्यांनी मला बोलावलं तेव्हा खुर्ची दिली, पाणी मागवलं. म्हणाल्या, "अहो, मुलं येतात कुठे हो वाचायला?" मी म्हटलं, "मधल्या सुट्टीत एकदा येऊन बघा ना." तर हसल्या. "त्या वेळी मी डबा खाते. तेवढीच पंधरा मिनिटं मिळतात मला." मग हळूच म्हणाल्या, "संस्थेनं ठरवलंय. मला विचारलेलं नाही, मी तुम्हाला कसं विचारू?" त्यांच्या टेबलावर यादीचे छापील कागद होते. पुस्तकाचं नाव, दाखल क्रमांक आणि शेवटच्या रकान्यात कारण: जीर्ण, कालबाह्य किंवा मागणी नाही. यांपैकी एक लिहायचं. चार हजारांवर पुस्तकं, त्यांतल्या प्रत्येकापुढे मी, माझ्या अक्षरात. सव्वीस वर्षं मी या खोलीत मुलांना पुस्तकं सुचवली, आता रद्दीवाल्याला सुचवायची.

तुम्ही मला पहिल्यांदा पुस्तक दिलंत तेव्हा मी पाचवीत होते. तुमच्या डाव्या हाताचं बोट कायम कुठल्या तरी पुस्तकात अडकवलेलं असायचं, वाचता वाचता थांबलेल्या पानावर, आणि उजव्या हाताने तुम्ही आमच्या पुस्तकांवर तारखेचा शिक्का मारायचात. मान वर न करता विचारायचात, "काय गं, या आठवड्यात कोणती पाळी?" नवीन मुलींना वाटायचं, बाई काहीतरी भलतंच विचारतात. पण आमच्या वर्गात बहुतेकांचे वडील कंपनीत होते, आणि घरात काय चालेल, काय चालणार नाही, ते वडिलांच्या पाळीवर ठरायचं. पहिली असेल तर वडील संध्याकाळी घरी असतात, मग त्यांना मोठ्याने वाचून दाखवायला गमतीच्या गोष्टी. दुसरी असेल तर ते दिसतच नाहीत, मग आईला पोळ्या लाटताना ऐकवता येईल असं काहीतरी. आणि तिसरी असेल तर जाड पुस्तक. कारण तिसऱ्या पाळीचा माणूस दिवसा झोपतो, आणि एका खोलीच्या घरात पोरांना दिवसभर आवाज न करता बसावं लागतं. कार्डावर आमच्या नावापुढे पेन्सिलीने तुम्ही एक, दोन, तीन लिहायचात. ग्रंथालयशास्त्राच्या कुठल्याही अभ्यासक्रमात ही पद्धत मला पुढे सापडली नाही.

आमच्याकडे तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात आई कुकर लावत नसे. शिट्टीने पप्पा जागे होतील म्हणून डाळ पातेल्यात शिजायची, तासभर, झाकणावर पाणी ठेवून. मी स्वयंपाकाच्या कट्ट्याखाली, पिठाच्या डब्याला टेकून बसायचे आणि वाचायचे. दीपगृहाची ती कादंबरी तुम्ही मला दिलीत, तीही मी तिथेच वाचली. समुद्रातल्या एका खडकावर दीपगृह, तिथला रखवालदार रात्रभर दिवा सांभाळतो आणि दिवसा झोपतो, आणि त्याच्या मुली वाळूवर बोटाने लिहून एकमेकींशी बोलतात. मी समुद्र पाहिला नव्हता, पण ते घर मला पाठ होतं. वाळूऐवजी आमच्याकडे पीठ होतं, एवढाच फरक. मी पिठात लिहून धाकट्या बहिणीशी बोलायला लागले आणि आईचा मार खाल्ला.

तुमचा ओरडाही एकदाच खाल्ला. मी एका मैत्रिणीला एक पुस्तक सुचवलं, छान आहे म्हणाले, आणि ते मी वाचलेलंच नव्हतं. तुम्ही ऐकलंत. शिक्का खाली ठेवलात, बोट पुस्तकातून काढलंत. तुमचं बोट पुस्तकाबाहेर आलं की मुली घाबरायच्या. "न वाचता सुचवलंस? आणि तिला हे आवडेल का, तेही बघितलं नाहीस? तिच्या हातात काहीतरी कोंबलंस फक्त." मी रडले तेव्हा तुम्ही म्हणालात, "रडू नकोस, वाच. आणि मग तिला खरं काय ते सांग." मी वाचलं, ते अगदीच कंटाळवाणं होतं, आणि मी तिला तसं सांगितलं. तिला मात्र ते फार आवडलं होतं. तुम्ही इतक्या हसलात की चष्मा पुसावा लागला.

सहावीत असताना पप्पांच्या वर्कशॉपला टाळं लागलं. आईने आम्हाला बजावलं, बाहेर कुणाला सांगायचं नाही. त्या शनिवारी तुम्ही विचारलंत, कोणती पाळी, आणि मी म्हणाले, "तिसरी." पुढच्या शनिवारी पुन्हा तिसरी. त्याच्या पुढच्याही. मला वाटायचं मी फार हुशारीने खोटं बोलतेय. कुठलीच कंपनी माणसाला सलग चार महिने तिसऱ्या पाळीला ठेवत नाही, हे मला सुचलंच नाही. आणि तसं ते पूर्ण खोटंही नव्हतं. पप्पा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. कुकर पुन्हा लागायला लागला होता, शिट्ट्या व्हायच्या, पण ते कूस बदलत नसत. आम्ही तेव्हाही गप्पच बसायचो. तुम्ही दर शनिवारी विचारायचात, मी तिसरी म्हणायचे, आणि तुम्ही जाड पुस्तक काढून द्यायचात, मी पुन्हा पुन्हा मागायचे ते दीपगृहाचंच.

तुमच्या निवृत्तीनंतर दोन माणसं या खुर्चीत बसून गेली, मग मी आले. देहूला तुमच्या बहिणीकडे मी सांगायला आले तेव्हा तुम्ही आतून तारखेचा शिक्का आणून माझ्या हातात ठेवलात. "शाळेचाच आहे. परत करायचा राहिला होता," म्हणालात, आणि मग एकदम, "तिसऱ्या पाळीला सध्या काय देतेस?" त्यानंतर मी जेव्हा जेव्हा आले तेव्हा आपण तेवढंच बोललो. कोणाला काय दिलं, कोणी अर्ध्यात सोडलं. मी एक सांगायचे, तुम्ही दोन आठवून सांगायचात. मला या कामात अजूनही तोच आनंद होतो, बाई, हीच अडचण आहे. आता मुली म्हणतात, "मॅडम, पप्पांची सेकंड हाय या वीकला, आणि मम्मीची फर्स्ट." आता आयाही कंपनीच्या बसने निघोज्याला जातात. मी दोघांच्या पाळ्या लिहून घेते. पुस्तक परत देताना मूल काही न बोलता तसंच टेबलाशी उभं राहिलं की मला कळतं, बरोबर पुस्तक गेलं होतं. तेवढ्यासाठी मी रोज आधीच्या बसने येते.

बुधवारी मी यादी करायला बसले. दुपारपर्यंत तीन पानं भरली. मागणी नाही, मागणी नाही, मागणी नाही. हात आपोआप चालत होता आणि त्याचीच मला भीती वाटली. मग दीपगृहाचं पुस्तक हातात आलं. शेवटच्या पानावरचा खिसा सुटला होता आणि नव्या कार्डामागे जुनं, भरलेलं कार्ड चिकटून होतं. पुस्तक आमच्याकडे असताना कार्ड तुमच्या खणात राहायचं, त्यामुळे मी ते कधी पाहिलंच नव्हतं. ओळीने माझं नाव होतं, तुमच्या अक्षरात. सहावीचं वर्ष. पहिल्या ओळीपुढे पेन्सिलीने तीन. दुसऱ्या ओळीपुढे तीन. तिसऱ्या ओळीपुढे तुम्ही तीन लिहिलंय, खोडलंय, आणि लिहिलंय: घरी. त्याच्या खालीही घरी. मग घरी, घरी, घरी, कार्ड संपेपर्यंत.

तुम्हाला माहीत होतं. तरी दर शनिवारी मला विचारलंत आणि माझं उत्तर ऐकून घेतलंत. मी कार्ड पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत होते. शिपाईमामा कुलूप लावायला आले आणि म्हणाले, "मॅडम, तब्येत बरी न्हाई का?" मी म्हटलं, "मामा, इश्यू असलेलं पुस्तक निर्लेखित करता येतं का हो?" ते म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं. तुमीच सांगा." येत नाही. पुस्तक परत जमा झाल्याशिवाय ते यादीत घेता येत नाही, हे तुम्हीच मला शिकवलं होतंत.

गुरुवारी सकाळपासून मी पुस्तकं वाटायला सुरुवात केली. प्रत्येक वर्गात जाऊन सांगितलं, एकेकाला पाच-पाच मिळतील, परतीची तारीख जूनमधली, शाळा उघडेल त्या दिवसाची. तुमच्या शिक्क्यावरची सालं केव्हाच संपली आहेत, साल मी हाताने लिहिते. मधल्या सुट्टीत रांग जिन्यावरून खाली मैदानापर्यंत गेली. मामा दारात उभे राहून ओरडत होते, "एक एक या रं, पुस्तकं हायेत, वडापाव न्हाई!" शुक्रवारी निम्मी कपाटं मोकळी झाली. आज शेवटच्या तासापर्यंत, ठेवायच्या त्या दोन कपाटांतलीसुद्धा पुस्तकं गेली, आणि मामांनी एक रिकामं कपाट उघडून आत वाकून बघितलं. "मॅडम, आता झुरळं ऱ्हायली फकस्त. ती बी इश्यू करू का?" मी हसले, आणि हसता हसता मला काय झालं ते मामांनी बघितलं, आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले.

कारण मी काय केलंय ते मला माहीत आहे. तीन दिवसांत मी एकाही मुलाला पाळी विचारली नाही. तोंडाकडे बघितलं नाही. हाताला लागतील ती पाच उचलली, शिक्का मारला, पुढचा. दुसरीतल्या एका चिमुरडीला कोंबडीपालनाची पुस्तिका गेली आहे. दहावीच्या मुलांना बडबडगीतं गेली आहेत. हातात नुसतं कोंबणं, ज्यासाठी तुम्ही बोट पुस्तकातून काढलं होतंत, ते मी चार हजार वेळा केलं. आणि हे जूनपर्यंतच आहे. सोमवारी मॅडमनी वर्गावर्गात सूचना काढली की पुस्तकं परत आणा, तर मुलं शहाण्यासारखी परत आणतील. आमची मुलं ऐकतात.

हे पत्र मी यादीच्या त्याच कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर लिहितेय. समोर मागणी नाही, पाठीमागे तुम्ही. आता यादी द्यायची तर हेही द्यावं लागेल, म्हणून दोन्ही माझ्याकडेच राहणार. सोमवारी अकरा वाजता टेम्पो येईल, मॅडम या खोलीचं दार उघडतील, आणि मी त्यांच्यापुढे रजिस्टर ठेवीन. त्या काय म्हणतील ते मला खरंच सांगता येत नाही. पण त्याआधी काय होणार ते मला नक्की माहीत आहे. सहावीतली एक मुलगी आहे, पत्र्याच्या खोलीत राहते, तिच्या पप्पांची या आठवड्यात तिसरी आहे, हे तिने मी न विचारता सांगितलं होतं. रांग मोठी होती. मी तिला पाच पातळ पुस्तकं दिली. ती उद्या संध्याकाळपर्यंत संपतील. सोमवारी सकाळी सात वाजता, सगळ्यांच्या आधी, ती पाचही पुस्तकं घेऊन या टेबलाशी येऊन उभी राहील आणि दुसरं मागेल, आणि कपाटात काही नसेल.

एक पुस्तक आहे. दीपगृहाचं. ते मी कोणालाच इश्यू केलेलं नाही. बुधवारीच पिशवीत टाकलं, रजिस्टरला नोंद न करता. आयुष्यात पहिल्यांदा असं केलं. तुमचं ते कार्ड आत आहे म्हणून. कार्ड काढून घेऊन पुस्तक तिला द्यायचं, एवढं सोपं आहे. मघापासून तीनदा खिशातून कार्ड काढलं आणि तीनदा परत ठेवलं.