वर्गात बसणारे किती?

मंगळवार, २ जुलै १९७४

निकाल लागला. कालिंदीला पहिला वर्ग! नलिनीने इमारतीतल्या सगळ्या बिऱ्हाडांत संदेश वाटले. मुंबईहून कलकत्त्याला बदली होऊन दोन वर्षे झाली तरी ती त्यांना पेढेच म्हणते.

जेवताना कालिंदीने जाहीर केले — अर्थशास्त्र, ऑनर्स. विचारले नाही, सांगितले. मी म्हटले, कॉमर्स का नको? ‘बाबा, एका घरात एक पुरे!’ नलिनी इतकी हसली की तिला ठसका लागला.

विषय तिने निवडला. कोठे शिकायचे, ते मी ठरवायचे — अशी वाटणी झाली. जबाबदारी लहान नाही. तीन वर्षे पोरगी तेथे बसणार.

शुक्रवार, ५ जुलै

दादांचे पत्र आले. पुण्याच्या कॉलेजात त्यांनी शब्द टाकला आहे. सोमवार, पंधरा तारखेपर्यंत जागा राखून ठेवतील, पुढे नाही. राहणे-जेवणे त्यांच्याच घरी. ‘मुलगी आपल्या माणसांत राहील, मराठी सुधारेल. इथे आली होती तेव्हा “मी पाणी खाल्लं” म्हणत होती, आठवतंय ना?’ आठवते. तिला सगळे हसले होते, आणि परतीच्या गाडीत नागपूरपर्यंत ती माझ्याशी हिंदीत बोलली.

नलिनीचे मन पुण्याकडे आहे. बोलत नाही. पण आज कपाटातून मोठी ट्रंक काढून उन्हात ठेवली.

रविवार, ७ जुलै

महाराष्ट्र मंडळात गेलो होतो. प्रत्येकाजवळ सल्ला! ‘खांबेटे, नाव पाहा. नावावर नोकरी मिळते.’ ‘नाव घेऊन काय करता, परीक्षा वेळेवर होते का ते पाहा.’ श्यामरावांनी तर ‘मुलीची जात, जवळचं कॉलेज बघा’ म्हणून टाकले. तेव्हा कालिंदी बशा गोळा करत होती. तिने श्यामरावांची बशी, त्यांचा लाडू संपायच्या आत, उचलून नेली.

घरी येऊन एका कागदावर तीन रकाने आखले : नाव, खर्च, वर्ग. पहिले दोन लगेच भरले. शहराच्या उत्तरेकडच्या जुन्या कॉलेजाचे नाव थोर, फी किरकोळ. बजबजच्या लोकलच्या लाइनीवर नवे कॉलेज निघाले आहे. त्याचे नाव कोणी ऐकलेले नाही, गाडीचा पास वेगळा. गंमत अशी की दोन्हीकडची पदवी एकाच विद्यापीठाची! सही तीच, शिक्का तोच. मग त्या थोर नावात नेमके असते काय?

तिसरा रकाना कोरा राहिला. एका वर्गात किती मुले बसतात, हे मंडळातल्या एकालाही सांगता आले नाही. ज्यांची मुले तेथे शिकून बाहेर पडली त्यांनासुद्धा! कॉलेजात विचारले तर कारकून म्हणतो, ‘जितकी येतात तितकी.’

माझ्या मते हाच रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. शिक्षकाला आपला चेहरा दिसतो की नाही, यावर पुष्कळ अवलंबून आहे. स्वतः जाऊन पाहायचे ठरवले. सागरी विम्याचे दावे मी आयुष्यभर असेच पाहिले आहेत — माल धक्क्यावर, डोळ्यांसमोर.

मंगळवार, ९ जुलै

अर्धी रजा. बजबजची लोकल. कॉलेज म्हणजे तागाच्या गिरणीपलीकडची एक पिवळी इमारत. वर्गात बावीस. प्राध्यापक तरुण, प्रत्येकाला नावाने हाक मारतात. तासानंतर मलाच त्यांनी चहा पाजला. ‘मुलगी हुशार आहे ना? मग इथे घालू नका,’ म्हणाले. मी चकित! ‘ऑनर्सची मान्यता अजून यायची आहे. आज येईल, उद्या येईल, आम्ही म्हणतो आहोत.’

सज्जन माणूस. आपलाच माल न विकणारा असा विरळा. कागदावरून ते कॉलेज खोडले, पण खोडताना वाईट वाटले.

आता दोनच. पुणे की उत्तर.

शनिवार, १३ जुलै

आज जुने कॉलेज पाहिले. सविस्तर लिहितो.

शनिवार असल्याने दुपारीच ऑफिस सुटले. ऑफिस तर आज सुटण्याआधीच रिकामे. शेजारच्या टेबलावरचे हालदारबाबू बाराच्या आत गायब. एस्प्लनेडला ट्राम मिळेना. रस्ताभर झेंडे घेतलेली पोरे, लॉऱ्यांवर पोरे, ट्रामच्या टपावरही. घोषणा चाललेल्या. या शहरात रोज कोणता तरी मोर्चा असतो. पक्ष कोणता ते मी विचारले नाही. सगळे मैदानाकडे निघाले होते, मी उलट्या दिशेने.

कॉलेजचा जिना प्रचंड. भिंतींवर तसबिरी, चेहरे असे की टोपी काढावीशी वाटावी. पहिल्या वर्षाचे वर्ग अजून सुरू नाहीत, म्हणून दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. कोणी हटकले नाही. उतरत्या पायऱ्यांची गॅलरी, आणि बसलेले फक्त एकतीस! दोनदा मोजले. एकेका मुलाला अख्खा बाक. एवढे थोर नाव, एवढी कमी फी, आणि वर्गात एकतीस! पुण्याला दादांच्याच हिशेबाने नव्वद.

प्राध्यापक वयस्क, धोतर, जाड चष्मा. विषय मागणीचा. बाजारात इलिश आला आहे. पहिल्या माशाला तुम्ही काय द्याल, दुसऱ्याला काय, पाचव्याला काय? मुले भाव सांगत होती, सर फळ्यावर टिंबे देत होते. एकाएकी माझ्याकडे बोट. ‘आपण, मागे बसलेले महाशय! पहिल्या इलिशला काय द्याल?’

उभा राहिलो. म्हटले, ‘सर, मी मासे खात नाही.’

वर्ग कोसळला! सर मात्र हसले नाहीत. खडू कपाळाला लावून म्हणाले, ‘उत्तम. म्हणजे पहिल्यालाच शून्य. असेही गिऱ्हाईक बाजारात असते, आणि आपण त्याला विसरतो. आता ही सगळी गिऱ्हाइके एकत्र केली तर रेषा कशी येईल?’ आणि त्यांनी माझे शून्य खरोखर फळ्यावर मांडले.

तास केव्हा संपला कळले नाही. मी बी. कॉम. झालो तो सकाळच्या वर्गांवर, नंतर धावत ऑफिस. त्यात बेचाळीसचे साल. कॉलेज उघडे कमी, बंद जास्त. असा तास मी पाहिलाच नव्हता. घरी येताना ट्राममध्ये ती रेषा बोटाने गुडघ्यावर काढत होतो. पलीकडच्या बाईंनी जागा बदलली.

सोमवार, १५ जुलै

फी भरली. दादांना तार केली : जागा नको. स्वतः पाहून खात्री केली आहे.

नलिनीने ट्रंक परत कपाटात ठेवली. ‘तुम्ही पाहिलंत ना? मग झालं.’ कालिंदीला एकतीसचा आकडा सांगितला तेव्हा तिने टाळी वाजवली. ‘म्हणजे सरांना माझं नाव कळेल!’ पुण्याच्या नव्वदांत आपल्या मराठीला पुन्हा हसतील, ही तिची खरी धास्ती होती, ती आज तिच्या तोंडून बाहेर पडली.

सोमवार, २९ जुलै

कालिंदीचा पहिला दिवस. घरी आली ती थेट मोरीत गेली, बराच वेळ तोंड धूत राहिली.

‘बाबा, बसायला जागा नव्हती. पायरीवर बसले.’

मी म्हटले, शक्य नाही, वर्गात एकतीस असतात. ‘एकशे चव्वेचाळीस आहेत. हजेरीतच अर्धा तास गेला.’ मी म्हटले, दोन वर्ग एकत्र केले असतील. ‘बाबा, मी तिथं होते!’

तिचे म्हणणे मी तिसऱ्यांदा खोडून काढणार होतो. नलिनीने माझ्यापुढे पाण्याचा पेला असा ठेवला की मी पाणीच प्यालो.

मंगळवार, ३० जुलै

उलगडा झाला. लिहायला लाज वाटते, पण लिहिले पाहिजे.

हालदारबाबूंना सगळी हकीकत सांगितली. ते फाइल बाजूला ठेवून ऐकत होते. ‘कोणत्या दिवशी गेला होतात?’ शनिवारी, तेरा तारखेला. त्यांनी डोळे मिटले. उघडले. मग टेबलावर डोके टेकून हसू लागले. सबंध मरीन खाते गोळा झाले.

‘खांबेटेबाबू! तेरा तारखेला मैदानावर दोन मोठ्या क्लबांचा सामना होता! त्या दिवशी कलकत्त्यात वर्गात कोण बसतं?’

‘एकतीस बसले होते,’ मी म्हणालो.

‘ते आजारी असतील!’

झेंडे. लॉऱ्या. मैदान. सगळे डोळ्यांसमोरून गेले होते! मी त्याला मोर्चा समजलो. दोन वर्षे या शहरात राहून मला फुटबॉलचा चेंडू केव्हा उडतो हे माहीत नाही, आणि सामन्याचा निकाल इलिश-चिंगडीच्या भावावरून सांगणाऱ्या (एक क्लब जिंकला की इलिश महाग, दुसरा जिंकला की चिंगडी, म्हणजे कोळंबी) माणसांच्या शेजारच्या टेबलावर मी बसतो. दुसऱ्या वर्षाच्या त्या वर्गात पटावर मुले सव्वाशेच्या वर आहेत. हालदारबाबूंचा पुतण्या त्यांतलाच. तो अर्थातच मैदानावर होता.

‘एक पेटी उघडलीत आणि सबंध जहाज पास केलंत! तुम्ही! आम्हाला शिकवता ना?’

खिदिरपूरच्या धक्क्यावर एखाद्या सर्व्हेयरने असे केले असते, तर मी त्याला कागद परत केले असते.

बुधवार, ३१ जुलै

पुण्याला ट्रंक कॉल लावला. जागा गेली. दादा रागावले नाहीत, हे जास्त लागले. ‘तू स्वतः पाहिलं होतंस म्हणून मी काही बोललो नाही,’ एवढेच.

रविवार, ४ ऑगस्ट

कालिंदीला सगळे सांगितले — सामना, झेंडे, एकतीस. वाटले, हसेल. हसली नाही.

‘वर्ष संपलं तरी सरांना माझं नाव कळायचं नाही बाबा. मी एकशे सात. “वन-ओ-सेव्हन, प्रेझेंट सर.” बस्स.’

म्हटले, पुढच्या वर्षी पुणे पाहू. ‘एक वर्ष वाया?’ तिने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता गच्चीवर गेली. आज घरात कोणी फारसे जेवले नाही.

गुरुवार, ८ ऑगस्ट

कालिंदी हल्ली साडेआठलाच निघते. पुढचा बाक मिळतो म्हणे. विचारले तेवढेच सांगते.

रविवार, ११ ऑगस्ट

पुढचा बाक मिळूनही मागणीची रेषा तिला नीट समजली नव्हती. जेवणाच्या टेबलावर मी समजावली, इलिशसकट. मग किंमत वाढली की रेषा सरकते की आपण रेषेवरून सरकतो, यावर वाद झाला. तिचे पुस्तक आणवले. मी चुकीचा होतो! मजा वाटली. दिवे गेले, कंदिलाच्या उजेडात पुढचे प्रकरण वाचले. मान वर केली तर कालिंदी टेबलावर डोके ठेवून झोपलेली.

नलिनी कंदील उचलत म्हणाली, ‘अहो, शिकतंय कोण इथं?’

शुक्रवार, २३ ऑगस्ट

संध्याकाळी कालिंदी दारातूनच ओरडत आली. ‘बाबा, मी प्रश्न विचारला!’

एकशे चव्वेचाळिसांत उभी राहिली. पहिल्यांदा आवाज पोहोचला नाही. सर म्हणाले, मोठ्याने. दुसऱ्यांदा इतक्या मोठ्याने बोलली की मागच्या पोरांनी बाके वाजवली. सरांनी फळा पुसून तिच्या प्रश्नापासून तास पुन्हा सुरू केला! शेवटी विचारले, ‘नाव काय?’ तिने सांगितले. ‘बंगाली नाहीस?’ ‘नाही सर.’ ‘मग बंगालीत इतकी चांगली भांडतेस कशी?’

आता चार जणी रोज तिच्यासाठी जागा धरतात. त्यांच्यापैकी एकीला बेरीज येत नाही, ती रविवारी आपल्याकडे येणार आहे. पुढच्या वर्षीच्या पुण्याचा विषय मी काढला. कालिंदी लोणच्याची बरणी उघडत होती.

‘मी नाही जाणार. तिथं फक्त नव्वद आहेत. नव्वदांत कोणीही बोलेल!’

नलिनीने माझ्याकडे पाहिले. मी भाताकडे पाहिले.

सोमवार, २ सप्टेंबर

ऑफिस सुटल्यावर परस्पर विद्यापीठात गेलो. संध्याकाळचा एम. कॉम.चा पहिला तास. घरी फक्त नलिनीला माहीत आहे. शेजारच्या तरुणाने अदबीने ‘मेशोमोशाय’, म्हणजे काका, अशी हाक मारून विचारले, ‘कोणाला घ्यायला आलात?’

वर्गात एकशे अठरा. मोजावे लागले नाहीत. हजेरीतला शेवटचा क्रमांक माझा आहे.