लिफ्ट क्रमांक एकची चौकशी

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा नमस्कार,

पत्राला कारण आहे, पण ते अगदी शेवटी सांगेन; आधी सांगितलं तर तुम्ही मधलं वाचणार नाही, आणि मधलं वाचल्याशिवाय शेवटाला अर्थ नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला थांबला का? फोन करणार होते, पण मामी फोन मोठ्या आवाजावर ठेवतात आणि मग त्यांना रात्रभर झोप येत नाही, म्हणून हे पत्र. (ते त्यांच्या हाती लागू देऊ नका. लागलंच तर पहिल्या परिच्छेदानंतर फाडून टाका.) माझी तब्येत उत्तम. फक्त हल्ली मी ऑफिसात पाठ भिंतीला लावून बसते.

निवृत्त होताना तुम्ही मला तुमची खुर्ची दिलीत, तुमचा डेटाबेस दिलात आणि वर एकच वाक्य दिलंत, की यंत्राला नीट विचारलं तर ते नीट सांगतं. नीट विचारायचं म्हणजे काय, हे मी ठेचा खात शिकले. पण खरं सांगू का, बाबांना बाजारात पाठवताना आई जे करते तेच हे. सिलेक्टपुढे काय आणायचं, फ्रॉमपुढे कुठल्या दुकानातून, आणि व्हेअरपुढे कसलं हवं ती अट. अट सांगायची राहिली की बाबा अख्खं दुकान घेऊन येतात. माझी पहिल्याच आठवड्यात राहिली. कंपनीने आजवर बसवलेली एकूण एक लिफ्ट सकाळभर छापून निघत होती, आणि साहेब त्या गठ्ठ्याकडे बघून म्हणाले की मुलगी मेहनती आहे.

मग सरकारी तपासनीस येणार असं कळलं. साहेबांना यादी हवी होती, यंदा आपला माणूस ज्या लिफ्टकडे फिरकलाच नाही अशांची. ("दोन मिनिटांचं काम" हे त्यांचं नेहमीचं. दोन मिनिटांत त्यांचा चहासुद्धा निवत नाही.) यादीखाली सही माझी, आणि माझी नोकरी अजून कच्ची. मी लिफ्टचा तक्ता भेटींच्या तक्त्याला जोडला, अट घातली, आणि उत्तर आलं की अशी एकही लिफ्ट नाही. साहेब खूष. मी तुम्हाला फोनवर फुशारकीने सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, अगं, साध्या जोडणीत ज्या लिफ्टची भेटच झाली नाही ती मुळातच गळते. लेफ्ट जॉइन कर, म्हणजे भेट नसलेलीही यादीत राहते, आणि भेटीची तारीख नल, म्हणजे रिकामी, आहे का ते विचार. मी बरोबरचं चिन्ह घालून विचारलं. काहीच आलं नाही. तेव्हा तुम्ही जे बोललात ते माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

"नल कशाच्याच बरोबर नसतं. स्वतःच्याही नाही. त्याला 'इज' लावूनच हाक मारावी लागते."

लावली हाक. एक ओळ आली. लिफ्ट क्रमांक एक, पत्ता रिकामा, भेट कधीच नाही.

आता शहाण्या मुलीने इथे थांबावं की नाही? पण यंत्र उत्तर द्यायला लागलं की मला राहवत नाही. आपल्या लिफ्ट, आतली मदतीची घंटी वाजली की आणि फेरी झाली की, आत किती माणसांचं वजन आहे ते धरून आपोआप नोंद पाठवतात, हे तुम्हीच बसवून दिलेलं. मी क्रमांक एकच्या नोंदी मागितल्या, नवी सगळ्यात वर येईल अशा. फेरी एकही नाही. घंटीच घंटी. सगळ्यात वरची त्याच दिवशी सकाळची होती, मी डबा उघडून बसले होते तेव्हाची. वजन, एका माणसाचं.

मी मेकॅनिकला गाठलं. (तोच तो पाना. लग्नकार्यातसुद्धा खिशात पाना घेऊन जातो, म्हणून नाव पडलं.) त्याने क्रमांक ऐकला आणि माझ्या मागच्या फायलींच्या कपाटाकडे नुसती मान वळवली. ही लिफ्ट आपल्याच ऑफिसची निघाली, मामा. इमारतीच्या पुढच्या बाजूला नवी बसल्यावर बंद केलेली, मालाची. जगाच्या लिफ्ट तपासणाऱ्या कंपनीने स्वतःच्या लिफ्टसमोर कपाट उभं केलं, वीज तोडायला विसरली, आणि कपाटासमोर तुमची खुर्ची ठेवली. जी आता माझी आहे.

साहेबांनी तोडगा सांगितला की अटीत 'आणि क्रमांक एक नको' एवढं घाल. घातलं. यादी चकचकीत कोरी झाली. सही करायला पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. मला भीती वाटत होती ती वाटतच होती, पण त्याहून जास्त लाज वाटली. आत कोणी घंटी वाजवत असेल आणि घंटी ऐकणारं माणूस मीच असेन, तर त्याला अटीत बसवून पुसून टाकायचं? नोकरी गेली तर गेली, असं म्हणून मी पान्याला कपाट सरकवायला लावलं. साहेबांना नेमकं तेव्हाच बाहेर काम निघालं.

दार उघडलं. आत कोणी नव्हतं. दिवा चालू होता. खाली धुळीचा थर, त्यावर पाऊल नाही. हवा मात्र कोंदट नव्हती. कोणी बराच वेळ बसून नुकतंच उठलेल्या खोलीत असते तशी होती. पान्याने बाहेरूनच हात घालून घंटी वाजवली, तारा तपासल्या, ठीक होत्या. मी भेटीची नोंद केली, क्रमांक एक यादीतून आपसूक गळली, मी खरी सही केली आणि साहेब परत आले. नोकरी शाबूत आहे. सगळं छान झालं. मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. छान झालं असं वर लिहिलंय खरं, पण निघण्याआधी मी सहज पुन्हा विचारलं. दार उघडल्यानंतरची, पान्याने घंटी वाजवली तेव्हाची नोंद होती. वजनाच्या रकान्यात शून्य. रिकामं नाही, शून्य. तुम्हीच शिकवलंत की रिकामं म्हणजे माहीत नाही, आणि शून्य म्हणजे माहीत आहे, आता कोणी नाही. मामा, तुम्ही नोकरीभर जिन्याने चढलात. गुडघ्यांना व्यायाम म्हणायचात. खरं काय ते लिहा.

ता. क. दुसरा. हे आज सकाळी लिहितेय. काल संध्याकाळी पाना आणि मी पुढच्या लिफ्टने खाली गेलो, आम्ही दोघंच, दुसरं कोणी नव्हतं. आता ती फेरी काढून बघितली. तीन माणसांचं वजन आहे.

पत्राचं कारण हे, की या रविवारी मी तुमच्याकडे राहायला येतेय. घरी एकटीने झोपवत नाही. जिन्याने येईन. मामींना सांगा, ताट एकच वाढा. आणि दार उघडलंत की मला आत घ्यायच्या आधी दारात किती माणसं आहेत तेवढं मोजा.