थकलेल्या पेशी आणि रेवानीचं ताट

१८ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. कुलपाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची. कुणासाठी नाही, फक्त स्वतःच्या शिस्तीसाठी.

झिसिस सरांनी आज सांगितलं की नव्या वर्षात आमच्या संस्थेत टी-पेशींचा स्वतंत्र विभाग निघणार. प्रमुखाचं नाव वासिलोपिता कापताना जाहीर होईल. नव्या वर्षाचा हा केक थेस्सालोनिकीतल्या बाकी सगळ्या कचेऱ्यांत जानेवारी लागताच कापतात. आमच्याकडे सरांना सवड मिळेल तेव्हा, म्हणजे महिनाअखेर. सांगताना सर माझ्याकडे बघत होते. माझ्या मागे स्पिरिदूला उभी होती म्हणा, पण ती बुटकी आहे. तिच्याकडे बघायचं असतं तर नजर खाली गेली असती.

संकल्प: (१) मत्सर करायचा नाही. (२) स्पिरिदूलाशी गोड वागायचं. (३) तिच्या संशोधनातली चूक शोधून काढायची.

२१ नोव्हेंबर
स्पिरिदूलाचं भाषण. हॉल भरलेला. (माझ्या वेळी पाऊस होता.)

तिचं म्हणणं असं: ल्युकेमियाच्या रुग्णाच्या रक्तात टी-पेशी असतात. हे शरीराचे रखवालदार. पण कॅन्सरची पेशी समोरून गेली तरी ते काठी उचलत नाहीत. ते आळशी नाहीत, थकलेले आहेत. लढून लढून त्यांच्या लढायच्या जनुकांचा स्विच बंद पडतो आणि वर कुलूप बसतं. ते कुलूप उघडणाऱ्या औषधाची रुग्णांवर चाचणी घ्यायची; अर्ज जानेवारीअखेर जाणार. टाळ्या.

हे सगळं मी सहा वर्षांपूर्वी मनात म्हटलं होतं. इतकं उघड होतं की लिहून ठेवलं नाही.

बाई स्टॉकहोमहून शिकून आली. मी सेरेसजवळच्या गावचा. वडिलांचं पात्साचं दुकान होतं. पहाटे उठून सुपासाठी आतडी धुवायची आणि मग शाळेत जायचं. कुणाचं बोट न धरता इथवर आलो. आतडी धुतलेल्या माणसाला जे कळतं ते स्टॉकहोममध्ये शिकवत नाहीत. काय कळतं ते सवडीनं लिहीन.

२५ नोव्हेंबर
योजना तयार. तिचे रुग्ण बहुतेक तरुण. मी वयस्कर रुग्ण घ्यायचा आणि दाखवून द्यायचं की स्विच चालूच आहे, कुलूप उघडं. सिद्धांत आडवा.

तुलनेला निरोगी माणसाचं रक्त लागतं. ते संस्थेतल्याच कुणीतरी द्यायची रीत आहे. थोमाईला विचारलं. ती आमची तंत्रज्ञ, वीस वर्षं सगळ्यांचं रक्त काढते आणि तोंडानंही काढते. म्हणाली, माझं गेल्याच आठवड्यात स्पिरिदूलाला दिलं. दरवानाला विचारलं. त्यानंही तिलाच दिलेलं. लोक हसून तिच्याकडे बघतात ते ठीक, पण रक्तसुद्धा?

हरकत नाही. माझं स्वतःचं देईन. दर्जाची खात्री.

९ डिसेंबर
१२ तारखेला संत स्पिरिदोनचा दिवस. मी स्पिरोस, त्याच संताच्या नावाचा, म्हणून माझा नामदिन. दुर्दैवानं तिचाही.

ज्याचा नामदिन त्यानं गोड आणायचं. गेल्या वर्षी तिनं वेरियाहून आईच्या हातची रेवानी आणली. रव्याची वडी, पाकात बुडवलेली, त्यात काय एवढं? ताट बघता बघता साफ. माझ्या केककडे बघून लोक ‘नंतर घेतो’ म्हणाले. नंतर म्हणजे कुठल्या साली ते अजून कळलेलं नाही.

यंदा पानोरामाहून त्रिगोना आणणार. कुरकुरीत त्रिकोण, आत गच्च क्रीम. दोन मोठे ट्रे सांगितले. फानीनं विचारलं, लग्न कुणाचं आहे? बायकोला संशोधनातलं सगळंच समजावत बसता येत नाही.

१२ डिसेंबर, दुपारी
सकाळी रुग्णाचं रक्त आलं. किल्किसची बाई, वय एकाहत्तर, ल्युकेमिया. दोन्ही नमुने ताजेच लागतात म्हणून लगेच थोमाईपुढे दंड धरला. सुई टोचून ती म्हणाली, “अहो डॉक्टर, ट्यूब हाताला गरम लागतेय. आज कुणावर जळताय?” मी हसलो. मोठ्या माणसानं हसायचं असतं.

दोन्ही ट्यूब घेऊन पेशींच्या खोलीत बसलो. समोर काच, काचेपलीकडे चहाच्या खोलीतलं टेबल. डावीकडे माझे दोन ट्रे, उजवीकडे तिचं ताट. मी पेशी वेगळ्या करीपर्यंत रेवानी अर्धी गेलेली. त्रिगोनातला फक्त एक उचलला गेला, तो सरांनी. तोही अर्धा ठेवला. त्यांना कोलेस्टेरॉल आहे. थोमाईनं रेवानीचा दुसरा तुकडा घेतला. दुसरा.

एवढ्यात स्पिरिदूला बशी घेऊन काचेपाशी आली आणि बशी दाखवून खुणेनं म्हणाली, घ्या ना. मी खुणेनं म्हटलं, नंतर. त्या गडबडीत दोन्ही ट्यूब हातात होत्या, त्या जागच्या जागी ठेवून पुढचं काम केलं. सर्व वेळ चित्त एकाग्र. निम्मं टेबलावर होतं, तरी.

रेवानी चाखली नाही. तत्त्व.

१२ डिसेंबर, संध्याकाळी
पावणेदोन ट्रे त्रिगोना घरी आणले. फानीनं फ्रिजमधला कप्पा आधीच रिकामा करून ठेवला होता. ते जास्त लागतं.

९ जानेवारी
विजय!

निकाल आले. किल्किसच्या बाईंच्या टी-पेशींचा स्विच चालू, दार सताड उघडं. कुलूप नाही की कडी नाही. रखवालदार काठ्या परजून उभे. स्पिरिदूलाचा सिद्धांत धुळीला. आतडी धुतलेल्या माणसाचा हात.

एक बारीक गोष्ट. निरोगी नमुना, म्हणजे माझा, थकलेला निघाला. स्विच बंद, वर कुलूप. हे असं ल्युकेमियात दिसतं. 

१० जानेवारी
गुपचूप दुसऱ्या दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घेतलं. सगळं ठणठणीत. बाहेर येऊन आईची आठवण काढली, चर्चमध्ये मेणबत्ती लावली, आणि मग उलगडा झाला. तीन वर्षं त्या स्पिरिदूलाच्या शेजारच्या टेबलावर काढली. रोजच्या रोज तिचं कौतुक ऐकायचं. पेशी थकणार नाहीत तर काय? लेख दुसराही होऊ शकतो.

फानीला सांगितलं, माझ्या पेशी थकल्या आहेत, हे आता शास्त्रानं सिद्ध झालंय. यापुढे तळघरातून शेगडीची लाकडं वर आणणं जमायचं नाही. ती म्हणाली, पेशींचं मला ठाऊक नाही, पण त्यांचा मालक लग्नापासून थकलेलाच आहे. लाकडं तिनं आणली.

१४ जानेवारी
सरांना निकाल दाखवला. गंभीर झाले. एकाच रुग्णावरून काही ठरत नाही, म्हणाले. पण एवढी शंका निघाल्यावर औषधाच्या चाचणीचा अर्ज पुढे रेटता येणार नाही, थांबवावा लागेल. मी दुःखी चेहरा केला. बराच वेळ टिकवावा लागला.

घरी आरशासमोर प्रमुखपदाच्या भाषणाची तालीम. एक वाक्य छान जमलंय: ‘तरुणांच्या चुकांतूनही शिकण्यासारखं असतं.’

१९ जानेवारी
माझं भाषण. हॉल भरलेला.  स्पिरिदूला पेन्सिल चावत होती. वाटलं, रडेल. तिनं एवढंच विचारलं, मूळ डेटा बघायला मिळेल का? मी सर्वांदेखत मोठ्या मनानं दिला.

२१ जानेवारी
स्पिरिदूला सकाळी माझ्या खोलीत आली. दार लावून घेतलं. मला वाटलं, नव्या विभागात जागा मागायला आली असेल. बोलायचं वाक्यही ठरवलं होतं.

तिनं लॅपटॉप उघडला. पुरुषांच्या पेशींत वाय गुणसूत्रावरची काही जनुकं चालू असतात. बायकांत ती नसतातच. किल्किसच्या एकाहत्तर वर्षांच्या बाईंच्या नमुन्यात ती धडाधड चालू. आणि माझ्या नमुन्यात एकही नाही.

मी म्हटलं, किल्किसच्या बायका पहिल्यापासून खंबीर.

ती हसली नाही. म्हणाली, “स्पिरोस, ट्यूब उलटसुलट झाल्यात. ताज्या पेशी तुमच्या आहेत. बाईंच्या खरंच थकल्यात हो. त्यांचं नाव औषधाच्या यादीत आहे, आणि अर्ज थांबला तर थांबायला वेळ तुम्हाला-मला आहे, त्यांना नाही. सरांना तुम्हीच सांगा. मी काही बघितलेलं नाही.”

गेली. जाताना दार हळू लावलं. आपटून गेली असती तर बरं वाटलं असतं. माणसानं किती चांगलं वागावं याला मर्यादा असते. माझा एवढा अपमान आजवर कुणी केला नव्हता.

२२ जानेवारी
सरांकडे गेलो. ते फोनवर होते.

२३ जानेवारी
सरांकडे गेलो. फोनवर नव्हते, पण वाटलं, एवढ्यात फोन येईल.

२४ जानेवारी
दाराशी उभा होतो. किल्किसची बाई डोळ्यांपुढून जाईना. कधी पाहिलेली नाही, तरी आईसारखी दिसते. डोक्याला काळा रुमाल, दुकानाच्या पायरीवर बसलेली.

आत गेलो. नेमके शब्द: ‘माझ्या स्वतःच्या कठोर फेरतपासणीत एक बाब आढळून आली.’ सगळं ऐकून सर म्हणाले, बरं झालं वेळेत कळलं, अर्ज ठरल्याप्रमाणे जाईल. मग चष्म्यावरून बघत विचारलं, आढळली कुणाला? मी खोकलो.

सर म्हणाले, “या खोकल्याचं नाव स्पिरिदूला आहे का?”

३१ जानेवारी
वासिलोपिता. सर्व गमावलं आहे असं मी मानत नाही. सरांना मोठ्या मनाची कदर आहे, आणि वय माझं जास्त.

सरांनी सुरीनं केकवर क्रूस काढला. पहिला तुकडा ख्रिस्ताचा, मग माता मरियमचा, संस्थेचा, रुग्णांचा, मग आमचे, एकेकाच्या नावानं. ज्याच्या तुकड्यात नाणं त्याचं वर्ष भाग्याचं. माझी बशी आली, शेजारी स्पिरिदूलाची. तिचा तुकडा बोटभर मोठा. उघड दिसत होतं. तिला कुणीतरी हाक मारली, ती वळली, आणि मी दोन्ही बश्यांची अदलाबदल केली. या वेळी हात अजिबात चुकला नाही.

ती परत आली. पहिल्याच घासाला थांबली. तोंडातून नाणं काढलं.

सगळे ओरडले. सर म्हणाले, योग बघा, मला सांगायचंच होतं. मग सांगितलं. टाळ्या. सगळ्यात जोरात माझ्या. हे सर्वांच्या लक्षात आलं असावं.

माझा तुकडा मी संपवला. मोठा होता. कोरडाही.

ते नाणं माझं होतं. आणि हे जगात कुणालाही सांगता येत नाही.

१२ फेब्रुवारी
विभागप्रमुख बाईंनी बोलावलं. उपप्रमुखपद असावं, म्हणून टाय लावला.

तिला दर महिन्याला निरोगी रक्त हवंय. म्हणाली, तुमच्या वयाच्या माणसात इतक्या जाग्या टी-पेशी मी पाहिलेल्या नाहीत. जरा काही दिसलं की अंगावर धावून जातात. असं कशानं होतं, काही अंदाज? मी म्हटलं, हवामान.

लेखात नाव येणार: ‘निरोगी दाता ३’. दाता १ थोमाई, दाता २ दरवान. सेवाज्येष्ठता पाहता मी १ हवा होतो. अर्ज करणार.

थोमाईनं ट्यूब भरली. ताज्या पेशींची बातमी तिनं फानीला आठवड्यापूर्वीच पोचवली आहे. लाकडं मीच आणतो, दोन खेपा.

रक्त दिल्यावर गोड खावं असा नियम. स्पिरिदूलानं बशी पुढे केली. वेरियाहून कालच आलेली रेवानी. नियमापुढे इलाज नाही. खाल्ली.

चांगली आहे. म्हणजे फारच.

दुसरा तुकडा घ्यायला वळलो तर ताट रिकामं. थोमाई बोटं चाटत म्हणाली, “संपली की हो, डॉक्टर. तुम्ही ‘नंतर’ म्हणाला होतात ना?”