मंत्र्यांनी कॉफी घेतली नाही

९ सप्टेंबर, सोमवार

सुधाचे दिवसकार्य उरकले. आजपासून दूतावासात रुजू. कर्मचाऱ्यांना एकत्र बोलावून एकच सूचना दिली — माझ्यासमोर कोणीही हा विषय काढू नये. बाहेरच्या भेटी ज्या कार्यालयांशी ठरतात, त्यांनाही तसे आधीच कळवावे. सगळ्यांनी माना खाली घातल्या. काम सुरू.

भूक लागते, झोप लागते. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर ओठ जसा दुसऱ्या कोणाचा वाटतो, तसा मी सगळाच.

११ सप्टेंबर, बुधवार

इथल्या जर्मन मंत्रिमंडळात फेरबदल! परराष्ट्रमंत्री नवे — डॉ. रोडेकाम्प. पूर्वी आखनच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक होते, राजकारणात उशिरा आलेले. जुने मंत्री डिसेंबरमध्ये दिल्लीला जाऊन पेन्शनच्या करारावर सही करणार होते. आपली माणसे इथे राबतात, पेन्शनचे पैसे भरतात आणि मायदेशी परतताना ते बुडू नयेत, इतका साधा करार. एका राजदूताने आपल्या कारकिर्दीत एवढे तरी करून जावे, या हट्टाने मी त्यामागे लागलेलो आहे. नवे मंत्री दिल्लीला जाणार की नाही, हे पहिल्या भेटीवर ठरेल. भेटीचा टर्मिन मागितला.

सुधा म्हणायची, ‘अहो, तुमचा करार म्हणजे माझी सवतच!’

१४ सप्टेंबर, शनिवार

न्युरेम्बर्गहून पद्माकर आणि मधूवहिनी आले. आमचा इथला जुना स्नेह. डब्यात मुगाची खिचडी. आचाऱ्याने चहा आणला, त्याला दोघांनीही हात लावला नाही. पद्माकर एरवी जर्मन रेल्वेला शिव्या देत अर्धा दिवस घालवील; आज नुसता खिडकीबाहेर बघत होता. मग दोघे उठले आणि गेले. बरे झाले. मला बोलावे लागले नाही.

१६ सप्टेंबर, सोमवार

टर्मिन मिळाला. गुरुवार.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आखनहून क्षितिजाचा फोन.

‘बाबा, जेवलात?’

‘हो.’

‘काय जेवलात?’

‘जेवण.’

‘या, गेनाऊ!’ — हो, अगदी बरोबर — असे जर्मनमध्ये म्हणून हसली. हसता हसता रडू लागली. मी फोन कानाला धरून बसलो. ‘बाबा, एकदा तरी रडा हो. आईसाठी नाही तर माझ्यासाठी.’ ठरवून कसे रडतात, मला ठाऊक नाही. विषय बदलला, गुरुवारच्या भेटीचे सांगितले. म्हणाली, ‘रोडेकाम्प? अय्या, ते आमच्या प्रणवचे गाइड! माणूस चांगला आहे. जरा विक्षिप्त.’ प्रणव तिच्याच प्रयोगशाळेत आहे, साताऱ्याचा मुलगा.

१९ सप्टेंबर, गुरुवार

मी वाणिज्य शाखेचा मनुष्य. जे घडले ते, ज्या क्रमाने घडले, त्या क्रमाने लिहितो.

मंत्री स्वतः दाराशी उभे होते. काळा सूट. पहिल्या भेटीचे छायाचित्र दोन्ही ध्वजांसमोर काढण्याचा प्रघात आहे. छायाचित्रकार सज्जही होता. मंत्र्यांनी त्याला हलक्या आवाजात काही सांगून बाहेर पाठवले. का, ते मला सांगितले नाही.

बसलो. कॉफी आली. त्यांनी आपला कप बाजूला सरकवला, तो शेवटपर्यंत तसाच. मी अभिनंदन केले आणि कराराचा विषय मांडला. ते म्हणाले, ‘आल्झो... तर, त्यावर आपण नंतर बोलू. आज नको.’ आज नको! मग कशासाठी बोलावले?

त्यानंतर शांतता. समोरच्याला अस्वस्थ करून बोलते करण्याची ही युक्ती मला नवी नाही. मीही गप्प राहिलो. बराच वेळ. मध्ये एकदाच त्यांनी विचारले, ‘आपली मुलगी आखनला असते ना?’ म्हटले, ‘हो. व्यवस्थित आहे.’ ‘छान,’ म्हणाले आणि पुन्हा टेबलाकडे पाहू लागले. माझ्या घरच्यांची माहिती काढून ठेवली आहे, एवढे कळवायचे असावे.

मग उठले. माझ्यासोबत जिना उतरून थेट गाडीपर्यंत आले. कोणताही मंत्री इतका खाली येत नाही. मी खरोखर गेलो, याची खात्री करून घ्यायची असावी. हस्तांदोलन नाही. निरोपाचे ‘आउफ वीडरझेन’ नाही. नुसते उभे. गाडी वळली तेव्हाही तिथेच होते.

इतक्या वर्षांच्या नोकरीत असा अपमान झाला नव्हता. राग यायला हवा होता. तोही आला नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

दिल्लीला अहवाल धाडला. ‘स्वागत थंड. छायाचित्र नाकारले. कराराचा विषय टाळला. निरोप घेण्याचे सौजन्यही दाखवले नाही. डिसेंबरच्या दौऱ्यात मंत्र्यांना स्वारस्य दिसत नाही.’

संध्याकाळी श्रीरंगचा फोन. दिल्लीत माझे अहवाल त्याच्याकडेच जातात. ‘सर, एवढं कडक? हे वर गेलं तर डिसेंबर गेलाच म्हणून समजा. करारही.’

‘जे घडले ते लिहिले आहे.’

‘सर, तुम्ही... बरे आहात ना?’

‘अहवालाबद्दल बोला.’

पूर्वी असे मसुदे सुधा वाचायची. वाचून झाले की दर वेळी एकच प्रश्न — ‘अहो, पण त्या माणसाला असं का वागावंसं वाटलं असेल?’ मी कागद ओढून घेत असे.

२२ सप्टेंबर, रविवार

क्षितिजा न कळवता आली. सोबत प्रणव. मुलगा खुर्चीच्या कडेवर बसला, घसा खाकरला.

‘काका, बुधवारी मला सरांचा फोन आला होता. रोडेकाम्प सरांचा. म्हणाले, राजदूतांची बायको गेली आहे. पण त्यांच्या ऑफिसने कळवलंय, विषय काढू नका. तर एक शब्द न बोलता सांत्वन कसं करायचं?’

‘मग?’ मी विचारले.

‘म्हटलं, सर, सोपं आहे. आमच्याकडे भेटायला गेलं की फारसं बोलतच नाहीत. नुसतं जाऊन बसायचं. चहापाणी घ्यायचं नाही. कामाचं काढायचं नाही. उठताना “येतो” म्हणायचं नाही, निरोप घ्यायचा नाही, तसंच निघायचं. त्यांनी लिहून घेतलं काका, वन-टू-थ्री घालून! परत फोन. “पण प्रणव, ऑफिस माझं, येणार ते. मग भेटायला गेलं कोण?” मी म्हटलं, सर, तुम्ही कुठेही बसा, भेटायला तुम्हीच गेलात.’

क्षितिजा माझ्याकडे बघत होती. ‘बाबा... तुम्हाला कळलं नाही?’

पद्माकर आणि मधूवहिनी आठवले. तसाच न घेतलेला चहा. तसेच न बोलता जाणे. त्यांचे मला बरे वाटले होते.

विचारले, ‘आणि फोटो?’

‘फोटोचं मी नव्हतं सांगितलं,’ प्रणव म्हणाला. ‘ते त्यांचं त्यांनी.’

सुधाने अहवालाच्या पहिल्या ओळीलाच ओळखले असते.

२३ सप्टेंबर, सोमवार

श्रीरंगला फोन केला. अहवाल मागे घ्यायचा आहे. तो म्हणाला, ‘वर धाडलाच नव्हता, सर. दाबून ठेवला होता. पण कारण लिहून द्यावं लागेल.’

लिहिले — ‘मंत्री सांत्वन करीत होते. माझी पत्नी वारली आहे. मी ओळखले नाही.’

मधले वाक्य आजवर कुठेच लिहिले नव्हते. मसुदा एकदा वाचून मगच सही करावी, हा माझा नियम. अक्षरे दिसेनात. चष्मा पुसला. तरी दिसेनात.