अक्का, बंदरात उतरून कुठं जायचं?

प्रिय अक्का,

उद्या सकाळी आमची बोट फुकेतला लागणार. तिथं उतरून दिवसभर काय करायचं, ते टूर मॅनेजरला रात्रीच्या जेवणाआधी सांगायचंय. वैशाली खाली केबिनमध्ये झोपलीय. मी डेकवर खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, आधी तुमच्याशी बोलून घ्यावं. तुमच्या लेकीनं मला पार कोड्यात टाकलंय!

खरं तर आपण दोघी जावा येणार होतो. दिवाळीनंतर तुम्ही गेलात. मी म्हटलं, बुकिंग रद्द करा. तर वैशाली ऐकेना. "आईच्या जागेवर मी येते काकू. आईला जे बघायचं होतं ते मी बघणार."

काल मलेशियात पेनांगला बोट लागली तेव्हा तिनं विचारलं, "आईनं इथं काय केलं असतं गं?"

ग्रुपची बस डोंगराकडच्या मोठ्या देवळात जाणार होती, मग इंडियन जेवण. काहीजण बोटीवरच पत्ते खेळणार होते. नाहीतर आपल्या पायांनी गावात हिंडायचं.

अक्का, आधी पिशोरला एका चुलीवर, मग संभाजीनगरला एका गॅसवर आपण उभा जन्म काढला. वरणात गूळ तुम्हाला चालायचा नाही, पाठ डावीकडं दुखायची, सगळं मला ठाऊक. पण एक अख्खा मोकळा दिवस हातात दिला, तर तुम्ही काय कराल? हे मला माहीतच नाही! तसा दिवस आपल्याला मिळाला तरी कधी?

"देवळात गेली असती," वैशाली म्हणाली.

मला मात्र अजिंठ्याची सहल आठवली. आम्ही सगळे लेण्यांकडं गेलो आणि तुम्ही फर्दापूरला रंगीत दगड विकणाऱ्या बाईपाशी बसलात, त्या बसलातच! आम्ही परतलो तर तिच्या सासूच्या दुखण्यापासून पोरीच्या सोयरिकीपर्यंत सगळं तुम्हाला पाठ. "लेणी काय, उद्याबी तिथंच असतेत," असं म्हणालात. भाऊजी किती चिडले होते!

"बस जाऊ दे," मी वैशालीला म्हटलं. "आपण माणसं बघू."

बंदरापासून चालत गेलं की समुद्रात लाकडी खांबांवर उभी केलेली घरं आहेत. फळ्यांची वाट, खाली पाणी. एक चिनी बाई दारात पालेभाजी निवडत होती. आम्ही थांबलो, तर तिनं स्टूल सरकवलं. तिची भाषा आम्हाला येईना, आमची तिला. मी सरळ तिच्या जुडीतली देठं मोडायला घेतली. तिचं तर हसू थांबेना! मी हातानं पोराची उंची दाखवली, पाण्याकडं बोट केलं. पोरं पडत नाहीत का? तिनं कमरेला दोरी बांधल्याची खूण केली आणि दाराची कडी दाखवली.

परत येताना मी वैशालीला विचारलं, "आवडलं असतं ना अक्कांना?"

"गप्पा आवडल्या असत्या. पण त्या फळ्यांवर तिनं पाऊलबी टाकलं नसतं. आईला पाण्याची लई भीती. लहानपणी विहिरीत पडली होती ना."

"मग बोटीचं कशाला ठरवलं?"

"टीव्हीवर बोट दिसली की तू हातातलं काम सोडून बघायचीस म्हणे. आई म्हणाली, मंगलला जायचंय, पण ती तोंडानं म्हणायची नाय."

अक्का! आणि मी गुडघ्यांचं दुखणं विसरून हो म्हटलं, ते तुमची हौस समजून! एका शब्दानं सांगायचं नाही का? तुम्ही इथं करणार तरी काय होतात? केबिनमध्ये डोळे गच्च मिटून बसला असता? माझा हात धरला असता? का समुद्राकडं पाठ करून कुणाशीतरी गप्पा मारत बसला असता? सारखी तुम्हाला या बोटीवर बसवून बघते, आणि दर वेळी वेगळ्याच दिसता.

आज सकाळी वैशालीनं प्रश्न बदलला. "आईचं राहू दे काकू. फुकेतला तुला काय करायचंय?"

'तुला चालंल ते' अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. दिवसभर विचार करतेय. बाजार नको, बस नको. अक्का, मला समुद्रात बसायचंय. साडीसकट, खारं पाणी खांद्यापर्यंत येईल इतकं आत. हसू नका!

आता खाली जाऊन मॅनेजरला तसं सांगते. वैशाली काठावर बसणार आहे. पाण्याची भीती तिलाही आहे, हे दुपारी कळलं. तिला आत ओढणार नाही. आणि घरी गेल्यावर सुनांना, पोरींना विचारत जाईन, तुला काय हवंय गं? 'काही नाही' म्हणाल्या तरी हलणार नाही, खरं उत्तर येईपर्यंत तिथंच बसून राहीन. तुम्हाला शब्द देते.

तुमची धाकटी जाऊ,
मंगल